चार बोटं उंच

मी एक जुना सोफा आहे, तीन माणसांचा. ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे माणसं मात्र चार होती. त्यातला चौथा कायम उभा असायचा. मित्रांनो, ही गोष्ट खरं तर त्याची आणि त्याच्या सासूबाईंची. माझी म्हणायची ती एवढ्यासाठीच, की ती सगळी माझ्या अंगावर घडली.

घर म्हटलं खरं, पण त्या घराला भिंती तीनच. चौथ्या बाजूला कॅमेरे, दिवे, वायरींचं जंजाळ आणि त्यात उभी असलेली माणसं. दाराबाहेर रस्ता नव्हता, खिडकीबाहेर झाड नव्हतं, होता तो फक्त झाडाचा पडदा. कोपऱ्यातला जिना रुबाबात वर जायचा आणि एका फळीवर जाऊन संपायचा. तिथे टीव्हीसाठी एक विनोदी मालिका तयार व्हायची. तिचं नाव 'जरा सरका!'

माझा जन्म त्या सेटच्या मागच्या खोलीत झाला. तिथे कायम सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास असे. सुतारमामांनी मोडक्या दारांचं लाकूड जमवून माझा सांगाडा उभा केला. त्यावर तागाचे पट्टे ताणले, स्प्रिंगा बसवल्या, काथ्या भरला, वर कापूस आणि सगळ्यात वर मोहरीच्या रंगाचं कापड. पुढून मी असा दिसायचो की राजानं बसावं. पाठीला मात्र गोणपाट ठोकलं होतं. कॅमेरा पाठीमागे कधीच जाणार नव्हता, मग कापड कशाला वाया घालवायचं? मला त्याचं दुःख नाही. पुढून मोहरी आणि मागून गोणपाट अशी माणसंही मी पुढे पुष्कळ पाहिली.

मालिका बसवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या मला बघायला आल्या, खाली वाकल्या, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून खाली, मामा."

"मॅडम, याहून खाली गेला तर बसलेला माणूस उठायचा नाही."

"बसणाऱ्या बायका आहेत. उठायचं काम जावयाचं."

मला बुटका करण्यामागे एक कारण होतं. माझ्या मागच्या भिंतीवर मालिकेतल्या सासऱ्यांचा मोठा फोटो होता. सासरे मालिका सुरू होण्याआधीच वारले होते. त्यांची मिशी अशी भरदार, की घरात काही गडबड झाली आणि कॅमेरा त्या मिशीवर नेला की बघणारे हसायचे. सोफ्यावर बसलेल्या बायकांच्या डोक्यांवरून ती मिशी दिसलीच पाहिजे, असा मॅडमचा हुकूम होता. तो फोटो खरा कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या बाजारात चौकटीसकट मिळाला होता. म्हणजे त्या घरात दोन पुरुष. एक भिंतीवर आणि एक उभा.

उभा होता तो घरजावई. माझ्यावर डाव्या हाताला सासूबाई बसत, मध्ये बायको आणि उजवीकडे धाकटी मेहुणी. जावई बिचारा दमून यायचा, एखादी कड मोकळी बघून टेकायला जायचा, आणि तिघींपैकी कोणीतरी म्हणायचीच, "जरा सरका!" तो सरकायचा, सरकत सरकत कडेला यायचा आणि शेवटी उभा राहायचा. खोलीत खुर्ची होती, नाही असं नाही. पण तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. मालिका चालली तितकी वर्षं तो ढीग तिथेच होता. कोणी एका रुमालाची घडी मोडली नाही.

जावयाचं काम करणाऱ्या नटाला सेटवर सगळे बापू म्हणत. उंच, थोडा वाकलेला, बोलताना मान खाजवायची सवय. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या पाठीमागे जमिनीवर बसायचा, गोणपाटाला पाठ टेकून. कोणी म्हटलं, "बापू, वर बसा की, आता कोण उठवतंय?" तर म्हणायचा, "नको रे बाबा. सवय लागली तर कॅमेऱ्यासमोरही बसेन आणि मालिका बंद पडेल."

"घरी तरी बसायला मिळतं ना?"

"घरी बायको, दोन मुली आणि एक मांजर. मांजरसुद्धा बाईच. ती उठली की मिळतं."

सासूबाईंचं काम करायच्या त्यांना सगळे माई म्हणत. उभी हयात नाटकात गेलेली. आवाज असा, की कुजबुजल्या तरी शेवटच्या दिव्यापर्यंत पोचायचा. भुवई नुसती उचलली की बापूनं दोन पावलं मागं जावं, आणि ती दोन पावलं बघून लोकांनी पोट धरून हसावं. ती जोडी म्हणजे ताल आणि टाळी. रस्त्यात बायका माईंना थांबवून म्हणायच्या, "अहो, जावयाला एकदा तरी बसू द्या हो!" माई म्हणायच्या, "बसला तर तुम्ही बघायच्या थांबाल."

असे दिवस चांगले चालले होते. आणि मग माईंचे गुडघे बोलायला लागले.

हे सगळ्यात आधी मला कळलं. कळणारच. माणूस उठताना किती भार हातावर घेतो, ते सोफ्याइतकं कोणाला कळतं? आधी त्यांचा पंजा माझ्या गादीवर नुसता टेकायचा. मग तो दाबायला लागला. मग मूठ रुतायला लागली. मॅडमनी "कट" म्हटलं की बाकीच्या दोघी उठून चहाला पळायच्या. माई मात्र संवादाचे कागद डोळ्यांसमोर धरून बसून राहायच्या. लोक म्हणायचे, काय पाठांतर करतात बघा या वयात! मी पाठांतराबद्दल काही बोलणार नाही. कागद पुष्कळदा उलटा असायचा.

बापूच्या ते लक्षात आलं. त्यानं एक युक्ती केली. माईंना उठायचं असलं की तो जावयाच्या सोंगातच पुढे यायचा, कपाळाला हात लावायचा, "या, सासूबाई, या," म्हणून दोन्ही हात धरून त्यांना असा ओढायचा जसा विहिरीतून पोहरा ओढावा. लोकांना वाटलं, नवा विनोद आहे. पण प्रत्येक प्रसंगात जावई घरात कसा असणार? कधी तो बाजारात असायचा, कधी जिन्यावर. मग माई मूठ रुतवून, ओठ आवळून उठायच्या, आणि तेवढा वेळ सगळं थांबायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मॅडम आणि मालिका लिहिणारी लेखिका माझ्यावर येऊन बसल्या. मागे बापू गोणपाटाला टेकून डबा खात होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

"माई उठेपर्यंत विनोद थंड होतो गं," मॅडम म्हणाल्या.

"कापून टाकू की मधला वेळ."

"प्रत्येक वेळी? आणि त्यांनाही त्रास होतो, मला दिसत नाही का? पुढचे भाग सुरू होतील तेव्हा त्यांना गावाला पाठवू."

मित्रांनो, 'गावाला पाठवणं' म्हणजे काय हे त्या सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी घरात एक आत्तेसासूही होत्या. त्यांना "चार दिवस गावाला जाऊन येते," असं एक वाक्य दिलं, हातात एक पिशवी दिली, आणि त्या दारातून गेल्या त्या गेल्याच. नंतर त्यांचं नावही घरात कोणी काढलं नाही. मॅडम वाईट बाई नव्हत्या, बरं का. पण मालिका म्हणजे चालती गाडी. जो चढायला वेळ लावतो त्याच्यासाठी ती किती थांबणार, असा त्यांचा हिशेब.

बापूचा घास हातातच राहिला. पण माईंना कोणी सांगायची गरज नव्हती. नाटकात जन्म गेलेल्या बाईला वारा कुठून वाहतो ते कळतं. त्याच आठवड्यात दिवे लावायचं काम चाललं होतं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बापू, मला गावाला नाही जायचं रे."

"कोण पाठवतंय तुम्हाला?"

"मला बनवू नकोस. घरी माझ्या दोन खोल्या आणि एक टीव्ही. त्या टीव्हीतही मीच. आपण आपल्यालाच बघत बसायचं का दिवसभर?"

बापूनं मान खाजवली. दुसऱ्या दिवशी माझी एक स्प्रिंग दुरुस्त करायच्या निमित्तानं मला मागच्या खोलीत नेलं, तेव्हा तो सुतारमामांसमोर उभा होता.

"मामा, हा उंच करता येईल?"

मामांनी पेन्सिल कानावरून काढली. "मी मॅडमना तेव्हाच म्हटलं होतं, उठायचं अवघड जाईल. किती उंच?"

"माईंना हाताशिवाय उठता येईल एवढा."

"पायांखाली ठोकळे घालतो. चार बोटं. रंग पायांचाच देतो, पुढून झालर लावतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"माईंना सांगायचं का?"

"छे! त्यांना वाईट वाटेल."

"तेच म्हणतो. नकोच सांगायला."

दोन पुरुषांचं इतक्या पटकन एकमत झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मला उंच व्हायची हौस. आयुष्यभर बुटका म्हणून हिणवलेला मी. चार बोटं वर गेलो आणि मला जगच निराळं दिसायला लागलं.

त्या दिवशी माई येऊन बसल्या, प्रसंग झाला, मॅडम "कट" म्हणाल्या, आणि माई उठल्या. नुसत्या उठल्या! मूठ नाही, ओठ आवळणं नाही. उभ्या राहून त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे असं बघितलं, जसं परगावी राहणारं पोर न सांगता दारात येऊन उभं राहावं. मग पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. चेहरा असा फुलला की मेकअपवाली म्हणाली, आज काही लावायलाच नको.

बापू आणि मामा एकमेकांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. पण त्यांनी विचार केला होता फक्त माईंचा. माझ्यावर तिघी बसत होत्या. धाकटी चणीनं लहान. तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती बोलताना पाय हलवायला लागली. "काय गं, बाकावर बसलीयस का शाळेच्या?" मॅडम ओरडल्या. "मॅडम, माझे पाय आखूड झालेत," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आवरेना.

तेवढ्यात मॅडमनी समोरच्या छोट्या पडद्यावर चित्र बघितलं आणि किंचाळल्या, "सासऱ्यांची मिशी कुठे गेली?"

माईंचा अंबाडा बरोबर मिशीवर आला होता. कोणाच्या डोक्यात सोफा आला नाही. सगळे म्हणाले, फोटो घसरला. मग शिडी आणून फोटो वर केला. फोटो वर गेला तर भिंतीवरच्या दिव्याची सावली सासऱ्यांच्या टकलावर पडायला लागली. मग दिवा वर केला. दिवा वर गेला तर जिन्याचा कठडा अंधारात. मग कठड्याजवळ नवा दिवा. सकाळ अशी गेली. सुतारमामा निमूटपणे शिडीवर चढत होते आणि उतरत होते. स्वतःच्याच चार बोटांपायी त्यांनी अख्खं घर चार बोटं उचललं. बापू खाली शिडी धरून उभा. दोघांचे चेहरे दूध पिऊन आलेल्या बोक्यांसारखे.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माईंना वाटलं, आपले गुडघे बरे झाले.

कारण त्यांनी त्याच सुमाराला कुठलंसं तेल लावायला सुरुवात केली होती. झालं! तेलाचे गोडवे सुरू झाले. मेकअपवालीला बाटली आली, धाकटीच्या आईसाठी बाटली आली, मॅडमनाही एक बाटली आली. "बघा, बघा," म्हणत माई माझ्यावर बसून दाखवायच्या आणि उठून दाखवायच्या. बापूच्या तोंडचं पाणी पळत चाललं होतं. आणि मग माई मॅडमना म्हणाल्या, "किती दिवस मला नुसतं बसवून ठेवणार? मला पळापळीचा प्रसंग द्या."

मॅडमना बरंच वाटलं. त्यांनाही माईंना पाठवायचं मनातून नव्हतंच. लेखिकेनं लगेच लिहिलं: सासूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आहेत, जावई काहीतरी उलट बोलतो, त्या ताडकन उठतात आणि छत्री घेऊन त्याच्यामागे जिना चढतात. माईंनी कागद वाचला आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

ती पायरी माझ्या जुन्या उंचीपेक्षाही खाली होती. कठडा पुठ्ठ्याचा, त्याला धरलं तर तोही सोबत येणार.

प्रसंग दुसऱ्या दिवशी होता. जेवणाच्या सुट्टीत सेट रिकामा झाला. माई माझ्यावर बसून संवाद पाठ करत होत्या. या वेळी कागद सुलटा होता. बापू आला आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसला.

"माई, ते तेल थांबवा."

"का रे? वास येतो?"

"तेलानं काही झालेलं नाही. सोफा उंच केलाय."

माई आधी हसल्या. बापू हसला नाही. त्यानं वाकून माझी झालर उचलली. माईंनी खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मी जन्मात कोणासमोर इतका उघडा पडलो नव्हतो.

"कोणी केलं?"

"मी सांगितलं. मामांनी केलं."

"आणि मी गावभर तेल वाटत फिरले." त्यांचा आवाज एवढासा झाला. "त्या पोरीच्या आईला बाटली पाठवली मी, बापू. ती बिचारी लावत असेल रोज."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"मग आता बरं वाटतंय का?"

बापूनं हातातली झालर खाली सोडली.

"गुडघे कोणाचे?" माईंनी विचारलं.

"तुमचे."

"मग त्यांची सभा मामांच्या खोलीत कशी भरली? मला आमंत्रण नाही?"

"चुकलं, माई."

"आम्ही तिघी तुला रोज न विचारता उठवतो, ते लिहिलेलं असतं रे. ते खोटं आहे हे तुलाही माहीत, मलाही माहीत. हे लिहिलेलं नव्हतं." त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मामांना हाक मार. ठोकळे काढायला सांग."

"आत्ता?"

"आत्ता. मला बघायचंय मी कुठे आहे."

मामा आले. त्यांनी माई काय म्हणतील या भीतीनं वर बघितलंही नाही. माई बाजूला उभ्या राहिल्या, ठोकळे निघाले, मी पुन्हा धपकन खाली आलो, आणि माई माझ्यावर बसल्या. पंजा टेकला. दाबला. मूठ रुतवली. माझ्या स्प्रिंगांनी जेवढा जोर होता तेवढा लावला, मित्रांनो, शपथेवर सांगतो. त्या अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. बापू झटकन पुढे झाला.

"थांब," त्या म्हणाल्या.

पुन्हा एकदा. पुन्हा अर्ध्यावरून खाली.

"हं," माई म्हणाल्या, शांतपणे, जसं कोणी खिडकीतून डोकावून बाहेर किती उजाडलंय ते बघावं. "म्हणजे हे असं आहे तर." मग त्यांनी पदर नीट केला. "आता मॅडमना बोलाव. मी गेले असते, पण तू बघतोयसच."

मॅडम आल्या, मागोमाग धाकटीही आली. माईंनी काही झाकलं नाही. ठोकळे दाखवले, झालर दाखवली, सासऱ्यांची मिशी का गेली ते सांगितलं. "सगळी सोंगं आणता येतात मॅडम, गुडघ्यांचं आणता येत नाही. मी जिना चढणार नाही. खालून उठणारही नाही."

मॅडम माझ्या कडेला टेकल्या. "माई, मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? तुम्ही उठेपर्यंत विनोद थंड होतो."

"ठाऊक आहे. म्हणून मी उठतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एके दिवशी सासू ठरवते की आजपासून उठायचं नाही. बघू घर कसं चालतं ते. दूध उतू जाऊ दे, बेल वाजू दे, जावई वर पळू दे, खाली पळू दे. मी इथून उंटावरून शेळ्या हाकीन." मग त्यांनी मामांकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. "फक्त उंट चार बोटं उंच पाहिजे. ठोकळे परत घाला, मामा. झालर नको. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"आणि माझे पाय?" धाकटीनं विचारलं.

"लोंबू देत. धाकटी आहेस, शोभतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यातल्या जिन्याकडे बघत राहिल्या. बापूचा श्वास मला माझ्या पाठीशी ऐकू येत होता.

"एक प्रसंग करून बघू," मॅडम शेवटी म्हणाल्या. "जिन्याचाच. नाही जमला तर..."

"नाही जमला तर पिशवी मी स्वतः भरेन," माई म्हणाल्या. "पण जिन्यावरून पडून गावाला जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. बापूनं जावयाचं उलट उत्तर दिलं. माईंनी बसल्या जागी छत्री उचलली आणि भुवई वर केली. "पळ," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"जिन्यावर. मला यायचा कंटाळा आलाय, तेव्हा तूच पळ. हं, आता मी तुझ्यामागे आले आहे. घाबर!"

बापू घाबरला. जिन्याच्या अर्ध्यावर थांबून त्यानं मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"थांबलास का? मी पायरीवर पोचले की. ओरड आता!"

"अगं आई गं!" बापू ओरडला.

"अजून मारलं नाही मी. मारल्यावर ओरड," असं म्हणून माईंनी छत्रीचा एक रपाटा माझ्या उशीवर घातला. वर बापू कळवळला. दुसरा रपाटा, त्यानं डोकं धरलं. तिसऱ्याला छत्री उशीवर आपटायच्या आधीच तो ओरडला आणि माई म्हणाल्या, "आगाऊपणा नको!" धाकटीचे पाय हवेत नाचायला लागले, ते कोणी सांगितलं नव्हतं. वर छताजवळ दिवा धरून बसलेला माणूस असा हसला की दिवाच हलला आणि अख्खं घर डोलायला लागलं.

"कट!" मॅडम म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "दिवा हलला. परत घ्यायला लागेल. माई, तुम्ही बसून राहा."

गावाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

त्यानंतरची वर्षं माझी वैभवाची. न उठणारी सासू घराघरात पोचली. माझे ठोकळे सगळ्या जगानं बघितले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. उलट लोक आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांखाली ठोकळे घालायला लागले, असं ऐकलं. आजारातून उठलेल्या एका बाईंनी तर मालिकेला कळवलं की त्यांचा मुलगा आता रोज विचारतो, "आई, उंट किती उंच करू?" माईंनी ते धाकटीकडून पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून घेतलं.

मग सगळ्या मालिका संपतात तशी तीही संपली. माई शेवटच्या भागापर्यंत डाव्या हाताला होत्या. भिंती सुट्या करून नेल्या, जिना कोणत्यातरी दुसऱ्या घरात गेला, आणि मला एका कोठारात आणून भिंतीशी उभा लावला, पाय बाजूला, तोंड भिंतीकडे. आता येणाऱ्याजाणाऱ्याला माझं गोणपाट दिसतं. काथ्या कोपऱ्यातून बाहेर आलाय. उंदीर मला ओळखत नाहीत. मधूनमधून कोणी येतं, मला हलवून बघतं, "मोडीतच काढायला हवा," म्हणतं आणि निघून जातं. जाऊ दे. वस्तूंनी रुसू नये.

पण मोडीत निघायच्या आधी एक गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती मालिकेत कुठेच दिसली नाही. दिवसाचं काम संपलं, "कट" झालं, की बापू माईंसमोर येऊन उभा राहायचा. हात पुढे करायचा नाही. हात मागे बांधून विचारायचा, "माई, हात देऊ?"

पुष्कळदा त्या म्हणायच्या, "दे." कधीकधी म्हणायच्या, "नको. बघते."

मग सगळे थांबायचे. मॅडम कागद मिटून थांबायच्या, धाकटी चपलेत पाय न घालता थांबायची, वरचा माणूस दिवा न विझवता थांबायचा, मामा हातातला खिळा हातातच ठेवून थांबायचे. कोणी "हं, चला" म्हणायचं नाही. कोणी घड्याळ बघायचं नाही. माई आपल्या वेळेनं, मूठ रुतवून, ठोकळ्यांच्या चार बोटांवर आणि स्वतःच्या जोरावर उठायच्या आणि म्हणायच्या, "काय बघताय? घरी जा."

कॅमेरे तेव्हा बंद असायचे. त्या थांबण्याला कधी कोणी टाळी दिली नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी जमिनीवरून, खाटेवरून, खुर्चीवरून हळूहळू उठत असेल. आधी विचारा. 'नको' म्हणाले तर त्यांना ओढू नका आणि निघूनही जाऊ नका. दिवा तेवढा लावून ठेवा, आणि थांबा.